आपल्याच मुलखात फँटसी कॅम्पेन रचताना: गेम मास्तरांनो, या धाग्यावर या

कासारीकाठ

मंडळी, राजारामपुरीत आमचा ग्रुप दर रविवारी दुपारी डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून गोष्ट रचायचा खेळ, खेळतो. मी गेम मास्तर. आतापर्यंत पुस्तकातलं तयार साहस चालवलं. ते संपलं आणि सगळ्यांची पात्रं चौथ्या लेव्हलला पोचली. पुढची कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट, मला आपल्या मुलखात रचायची आहे. घाटमाथा, पाच नद्यांचं खोरं, मधोमध पन्हाळ्यासारखा अवाढव्य किल्ला, खाली पेठा असलेलं शहर. जादू असणार, भुतंखेतं असणार, पण माती इथली.

माझं मत आधी सांगतो. नुसती नावं बदलून काही होत नाही. टॅव्हर्नला खानावळ म्हटलं आणि जंगलाला देवराई म्हटलं, तरी तासाभरात खेळाडू पुन्हा जुन्याच जगात जाऊन बसतात. मुलूख खरा वाटायचा तर तो त्यांच्या निर्णयात यायला हवा. पाऊस लागलाय तर निघायचं की थांबायचं? नदीला उतार मिळेल का? गडावर धान्य किती उरलंय? जत्रा तोंडावर आलीय, मग गर्दीत लपायचं की गर्दी टाळायची? टेबलावर असे प्रश्न पडले पाहिजेत.

आता तुम्हाला विचारायचंय ते असं. खरा इतिहास घ्यावा की कल्पित राज्य? नियमांना किती हात लावावा? भुतं-राक्षस नवे बनवता की पुस्तकातले वापरता? आणि तयारी किती करता?

मंगळवारपेठी

विषयच हार्ड भावा! एक खुर्ची माझ्यासाठी धरून ठेव.

हॉलवाली_आई

माझा लेक आणि त्याचे मित्र रविवारी आमच्या हॉलमध्ये बसून "नॅचरल ट्वेंटी!" असं ओरडतात, शेजारी विचारतात मॅच आहे का. मला पट दिसत नाही, सोंगट्या दिसत नाहीत. कुणी नीट सांगेल का नक्की काय चालतं?

वीसबाजू

ताई, सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला. एकजण गेम मास्तर, तो प्रसंग सांगतो: "दरवाजा बंद आहे, आतून कुणीतरी कण्हतंय." बाकीचे एकेक पात्र घेऊन बसलेले असतात, ते सांगतात आम्ही काय करतो. जमेल की नाही अशी शंका असली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि मास्तरनं ठरवलेला आकडा गाठायचा. सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २०. फाशावर चक्क २० पडलं की तो आरडाओरडा होतो. शेजाऱ्यांना सांगा, मॅच जिंकली.

कासारीकाठ, आता तुमचं. चालू नियमांना हात कमी लावा, वागणं बदला. पुस्तकातला गॉब्लिन, म्हणजे बुटका कपटी राक्षस, घ्या. २०१४च्या नियमात त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, ७; आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागायला गाठायचा आकडा, १५. हेच आकडे मी घाटातल्या वाटमाऱ्यांना देतो. ते कधीच समोरून येत नाहीत. वरून दगड सोडतात, बैल बुजवतात, माल उचलून कारवीत गडप होतात. ओगर या धिप्पाड राक्षसाचे ५९ हिट पॉइंट आणि आर्मर क्लास ११ दाजीपूरच्या पिसाळलेल्या गव्याला चपखल बसतात. फक्त त्याच्या हातातला सोटा काढायचा आणि धडक द्यायची. आकडे तपासलेले असतात, ते आयते वापरायचे. वेळ घालवायचा तो हा प्राणी काय खातो, कशाला घाबरतो आणि का चिडलाय यावर.

एक सांभाळा. पाच खेळाडूंसमोर एकटा मोठा राक्षस कधीच टिकत नाही. त्यांच्या पाच चाली होतात तेव्हा त्याची एक होते. त्याचे हिट पॉइंट दुप्पट केले तर लढाई फक्त लांबते. सोबत चारदोन चेले द्या, नाहीतर जमीनच त्याच्या बाजूनं करा: निसरडी पायवाट, धुकं, खाली दरी.

हॉलवाली_आई

समजलं. म्हणजे गोष्ट सांगायची, पण पुढं काय होणार ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. छान आहे की.

जुना_बुधवार

खऱ्या इतिहासाला माझा ठाम विरोध. शिवकालातली माणसं आपल्यासाठी श्रद्धेची आहेत. घोडखिंडीत बाजीप्रभू उभे आहेत आणि कुणीतरी त्यांच्या नावानं फासा टाकला, पडला १, मग काय करणार? तो प्रसंग जसा घडला तसाच घडला. त्यात फाशाला जागा नाही. आणि फाशाला जागा नसेल तर तो या खेळाचा प्रसंगच नव्हे. कल्पित राज्य करा, मोकळेपणानं खेळा.

तटबंदी

बुधवारकर, बाजीप्रभूंबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण इतिहासातून नावं घ्यायची नसली तरी घडण घेता येते, आणि ती सोडून देणं मला परवडत नाही. पन्हाळ्यावर दर पावसाळ्यात चकरा असतात माझ्या, म्हणून जरा लांबण लावतो.

१६७३ साली कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या ६० माणसांनिशी पन्हाळा घेतला. रात्रीची वेळ, अवघड बाजूनं चढाई, वर पोचल्यावर शिंगं फुंकून मोठं सैन्य आल्याचा भास. यातली नावं काढून टाका. उरतं काय? माणसं थोडी, किल्ला अफाट, बळानं जमणार नाही, भीती पसरवून जमेल. चार तासांचं सेशन तयार! खेळाडूंना एकच प्रश्न द्यायचा: साठ माणसांचा आवाज साठ हजारांचा कसा कराल? तोफा हव्यात म्हणून बसलेला खेळाडूसुद्धा शिंगं, पलिते, ओरडणारी वानरं असं काहीबाही सुचवायला लागतो.

वास्तू म्हणूनही हा किल्ला जाग्यावर तयार नकाशा आहे. अंधारबाव बघा. तीन मजली, तळाशी पाणी, वर पहाऱ्याची जागा आणि तटाबाहेर निघायची चोरवाट. एकाच वास्तूत गडाचं पाणी, चौकी आणि पळवाट! वेढा घालणारा इथं विष कालवू पाहणार, आतला इथूनच निसटू पाहणार. दोन्ही बाजूंना हवी असलेली जागा म्हणजे मास्तरला मिळालेलं घबाड.

मग अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारं. गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावायचं असं सांगतात. १६६० सालचा सिद्दी जौहरचा वेढा मार्चमध्ये पडला, तो भर पावसातही उठला नाही. वेढ्यात गड कशावर टिकतो तर धान्यावर आणि पाण्यावर. वेढ्याची कॅम्पेन करणार असाल तर राक्षसांआधी कोठाराचा हिशेब मांडा.

कासारीकाठ

तटबंदी, तुमची पोस्ट वाचली आणि रात्रीच वही काढली. काय केलं ते दाखवतो.

एका कागदावर तीन कोठारं काढली, प्रत्येकात सहा चौकोन. खेळातला आठवडा संपला की एक चौकोन पेन्सिलनं काळा करायचा. गडावर निर्वासित घेतले की दोन. प्रत्येक आठवड्याला मी सहाबाजूचा फासा टाकणार. १ पडला तर उंदीर, बुरशी किंवा चोरी, आणखी एक चौकोन गेला. पहिलं कोठार संपलं की शिधा अर्धा आणि लाँग रेस्टमध्ये, म्हणजे रात्रभराच्या विश्रांतीत, पूर्ण हिट पॉइंट मिळणं बंद. दुसरं संपलं की शिबंदीत कुजबुज सुरू होते, कुणीतरी दरवाजा उघडायला तयार होतो. कागद टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. खालच्या गावातली माणसं दरवाज्याशी आली की आत घ्यायची की नाही, हा निर्णय मग त्या काळ्या चौकोनांकडे बघत घ्यावा लागेल.

बुधवारकर, तुमचंही पटलं. राज्य कल्पित. किल्ल्याचं नावही वेगळं ठेवतो.

गावठाण

पाऊस विसरू नका राव. पुस्तकात नेहमीच्या चालीनं दिवसाला २४ मैल, म्हणजे अंदाजे ३९ किलोमीटर दिलंय. आषाढात आंबा घाटाच्या बाजूला हे कोण चालणार? पन्हाळा ते विशाळगड पायवाटेनं साधारण ६० किलोमीटर आहे. आता तयारीचे ट्रेकर त्याला दोन दिवस घेतात, तेही जेवणाची सोय आधी झालेली असताना.

आमच्यात पावसाळी नियम तीन आहेत. घाटात अंतर सरळ निम्मं. धनुष्याची दोरी आणि दारू मेणकापडात नसेल तर वार डिसअॅडव्हान्टेजनं, म्हणजे दोन फासे टाकून खालचा आकडा घ्यायचा. त्यानं सरासरी १०.५ वरून ७.२ च्या आसपास येते, म्हणून बंदूकवाला आपसूक छपराखाली लढायचं बघतो. तिसरा, ओल्या कपड्यात रात्र काढली की एक्झॉशनची, म्हणजे दमणुकीची, एक पायरी. २०१४च्या नियमात सहा पायऱ्या आहेत आणि सहावीला पात्र मरतं, त्यामुळं घोंगडी आणि इरलं मोलाचं होतं. आमच्या एका सरदारानं चांदीची तलवार देऊन दोन इरली घेतली.

मंगळवारपेठी

चांदीची तलवार देऊन इरलं! सरदार शहाणा म्हणायचा.

बर्फाळ_डोंगर

मी विरुद्ध बाजूनं बोलतो, राग मानू नका. आम्ही फँटसी खेळतो ते इथून बाहेर जायला. आठवडाभर याच शहरात, याच पावसात गाडी चालवायची आणि रविवारी परत तेच? मला बर्फाचे डोंगर पाहिजेत, ड्रॅगन पाहिजे.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. आपला गाव टेबलावर आणला की गावातल्या वेशीही येतात. कुणाचं घर कुठल्या आळीत, कुणाला कुठल्या विहिरीवर पाणी, पंगतीत कोण कुठं बसणार. परक्या जगात माझ्या पात्राला आडनाव नसतं, त्याला तिथं कुणी विचारत नाही. ती मोकळीक मला या खेळानं दिली आणि ती मी सोडणार नाही.

गडहिंग्लजची

बर्फाळ डोंगर, राग कसला? हे कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

मी मास्तर नाही, खेळाडू आहे. आमच्या मास्तरनं कॅम्पेन सुरू करायच्या आधी पहिली बैठक फक्त बोलण्यासाठी ठेवली होती, सेशन झीरो. तिथंच ठरलं की जातीवरून पात्राची ताकद किंवा बुद्धी ठरणार नाही, जातीवरून कुणी कुणाला हिणवणार नाही, आणि कुणाला एखादा प्रसंग नको वाटला तर हात वर करायचा, कारण विचारायचं नाही. खेळाच्या नियमांनीही ती दिशा धरलीय. जुन्या पुस्तकांत वंशावरून गुणांचे आकडे वाढायचे. २०२४च्या नियमांत ते पात्राच्या आधीच्या आयुष्यावरून वाढतात, म्हणजे तुम्ही शेतकरी होता की कारागीर की सैनिक त्यावरून. आपल्याकडं तर हे अजून नीट बसतं.

पण विषमता खेळातून पुसून टाकावी असंही मला वाटत नाही. तिच्याशी लढता यावं. १९०२ साली याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. आमच्या कॅम्पेनमध्ये महाराज नाहीत, पण एका राणीचं तसं फर्मान आहे आणि दरबारातली बडी मंडळी ते दडपायला निघालीत. आमचं काम होतं फर्मानाची प्रत गावोगाव पोचवायची, चावडीवर वाचून दाखवायची. ज्या गावात वाचलं तिथं माणसं आमच्या बाजूनं उभी राहिली. एका रात्रीत तीन गावं करायची होती आणि मागं घोडेस्वार. ड्रॅगनच्या लढाईत माझे हात इतके कधी थरथरले नव्हते.

अजून एक. मास्तरनं सगळा मुलूख एकट्यानं रचू नये. आम्हाला प्रत्येकाला एक जागा, एक नातं आणि एक सण द्यायला सांगितलं होतं. मी आजोळचं गुऱ्हाळ दिलं. मास्तरनं तेच साहसाचं पहिलं ठिकाण केलं. हंगामाची रात्र, चरक फिरतोय, चुलवाणात चिपाडं पडतायत, काहिलीत रस उसळतोय, गुळव्या मळी काढतोय. रात्रभर जाग असते, वाटसरू शेकायला थांबतो, कुणी रस मागतो, कुणी बातमी सांगतो. तेवढ्यात गुळव्यानं पाकाचा थेंब पाण्यात टाकून पाहिला आणि म्हणाला, "आज पाक धरत न्हाई. काहिलीपाशी कोन तरी उभं हाय." आम्हाला तिथं कुणीच दिसत नव्हतं. टॅव्हर्नमध्ये कोपऱ्यात बसलेल्या झगेवाल्या म्हाताऱ्याची गरजच पडली नाही.

कासारीकाठ

गडहिंग्लजची ताई, अंगावर काटा आला. गुऱ्हाळ मी उचलतोय, परवानगी द्या.

गडहिंग्लजची

उचला की, आजोळच्या लोकांना आनंदच होईल. फक्त गुळव्याला मारू नका.

बर्फाळ_डोंगर

फर्मानाची रात्र मला खेळायला आवडली असती. मुद्दा मी सोडत नाही, पण सेशन झीरोत हे सगळं ठरणार असेल तर बसेन.

मुंजा_पिंपळावरचा

भुतांचं कुणीच बोलेना म्हणून आलो.

पुस्तकातला राक्षस वाघाच्या तोंडाचा, तळहात उलटे आणि राजेशाही कपड्यातला. खलनायक म्हणून उत्तम आहे, वापरा. पण आपल्याकडच्या भुतांची गंमत वेगळी आहे: प्रत्येकाला जागा आहे आणि कारण आहे. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, वेताळ मसणात आणि वेशीवर. बहुतेकांचं काहीतरी राहून गेलेलं असतं. म्हणून माझ्या टेबलावर एकच नियम जास्तीचा आहे: भुताचे हिट पॉइंट शून्य झाले तरी ते पुढच्या अमावास्येला परत येतं. राहून गेलेलं पुरं केलं तरच सुटतं. तलवारीनं तुम्हाला महिनाभराची उसंत मिळते, बाकी शोध घ्यावाच लागतो. मारामारी आवडणारा खूश आणि चौकशी आवडणारीही खूश.

चकव्याला तर आकडेच देऊ नका. रानात वाट शोधायचा फासा चुकला की पुन्हा त्याच दगडापाशी आणायचं. दुसऱ्यांदा आणताना एक वस्तू बदलायची. मघाशी दगडावर काही नव्हतं, आता ओला अंगारा आहे. तिसऱ्यांदा खेळाडूच कुजबुजायला लागतात.

जुना_बुधवार

भुतांना आकडे द्या, देवांना नको. देवाशी लढाई, देवीचे हिट पॉइंट असलं काही माझ्यासमोर कुणी मांडलं तर मी उठून जाईन. आमच्यात देव फक्त कौल देतात, तोही प्रश्नाच्या एकाच बाजूचा.

कट्ट्यावरचा

सहमत. देवस्थानाचं नावही न घेता देवळाची घडण घेता येते, ते कसं हे सांगतो.

अंबाबाईचा किरणोत्सव सगळ्यांनी पाहिलाय. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, एका दिवशी चरणांवर, मग कमरेपर्यंत, मग मुखावर. कधी ढग आडवे येतात, कधी वाटेतली बांधकामं, म्हणून दरवेळी पाहणी होते. यावरून मी एका पडक्या, कल्पित देवळाचं साहस रचलं. तिसऱ्या दिवशी किरण गाभाऱ्यातल्या शिळेवर पडलं तरच खालचं दार उघडणार. खेळाडूंनी दोन दिवस आतले सापळे शोधले, भिंती ठोकल्या. मग एकीच्या लक्षात आलं की किरण आत येण्याआधीच अडतंय. बाहेर, गावात, एका सावकाराच्या माडीनं.

उरलेलं सगळं साहस त्या सावकाराच्या ओसरीवर झालं! माडी उतरवायला त्याला कसं राजी करायचं? एकानं धमकी काढली, एकीनं त्याच्या आईला गाठलं, एकानं जादूनं माडी अदृश्य करायचा घाट घातला. आमच्या नियमात अदृश्य वस्तूतून उजेड आरपार जातो, असं मी तिथल्या तिथं ठरवलं. पण जादू टिकणार तासभरच, त्यामुळे वेळ अचूक साधायची होती. अशा वेळी मास्तरनं "नाही" म्हणू नये, किंमत सांगावी.

तालमीतला

पैलवान लोकांकडं कोण बघतंय का न्हाई? कोल्हापुरात कॅम्पेन आणि कुस्ती न्हाई, हे कसं चालंल मर्दा!

पुस्तकातलं ग्रॅपल, म्हंजे समोरच्याला धरायचा नियम, आमाला पटंना. एकदा फासा टाकला, धरलं, संपलं. आमी असं करतो. दोघांनी ढाक, घिस्सा, पट असल्या डावांपैकी एक कागदावर लिहून पालथा ठेवायचा. आधी खडाखडी, त्यात ज्याचा फासा मोठा त्यानं पहिला डाव टाकायचा. समोरच्यानं तोच डाव वळखून लिवला आसंल तर टाकणाऱ्याला डिसअॅडव्हान्टेज. सलग दोन डाव जिंकला की चितपट. खासबाग मैदान १९१२ साली शाहू महाराजांनी बांधलं, चारी अंगानं मानसं बसत्यात आणि मधी तांबडी माती, तसलंच मैदान आमच्या गोष्टीतल्या राजधानीत हाय. दोन राज्यांचा तंटा तिथं मिटतो, फौजा न्हाई लावायच्या. वस्तादानं आदल्या रात्री पोराला समोरच्याचा आवडता डाव सांगायचा, म्हंजे हेरगिरी करणाऱ्या खेळाडूला पन काम.

वीसबाजू

तालमीतला दादा, हा नियम मी जसाच्या तसा घेतोय. हेराला काम मिळतं हे सगळ्यात भारी.

भडंगप्रेमी

धागा वाचून एक नम्र विनंती. टेबलावर तांबडा रस्सा आणू नका. आमच्या मांत्रिकाच्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राचे आकडे लिहायच्या कागदावर, सांडला आणि आता त्याच्या फायरबॉलचे, म्हणजे आगीच्या गोळ्याच्या जादूचे, आकडे कायमचे तिखट झालेत.

मंगळवारपेठी

फायरबॉल आठ फाशांचा, रस्सा नऊ फाशांचा!

शिवाजीनगर_पुणे

पुण्याहून लिहितो. तयारीचं कुणी बोललं नाही, तो मूळ प्रश्नातला भाग आहे.

कथानक लिहून ठेवू नका, परिस्थिती लिहा. कुणाला काय हवंय, खेळाडू आलेच नाहीत तर पुढच्या आठवड्यात काय होईल, आणि ते थांबवायच्या वाटा कुठल्या. तपास असेल तर प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीकडे नेणारे किमान तीन पुरावे पेरा, कारण एक त्यांच्या नजरेतून सुटतो आणि एकाचा ते भलताच अर्थ लावतात. माणसांच्या आणि गावांच्या नावांची यादी हाताशी ठेवा. त्यांनी अचानक एखाद्या गाडीवानाला "नाव काय तुझं?" विचारलं आणि तुम्ही अडखळलात की तो गाडीवान महत्त्वाचा नाही हे त्यांना कळतं.

रस्त्यातल्या घटनांच्या तक्त्यासाठी सहाबाजूचे दोन फासे वापरा. ७ हा आकडा ३६ पैकी ६ वेळा येतो, २ आणि १२ एकेकदाच. म्हणून ७ वर मुलखातली रोजची गोष्ट ठेवा: उसाच्या गाड्या, धनगराचा वाडा, तुंबलेला ओढा. ६ आणि ८ वर किरकोळ अडचण. २ आणि १२ वर अशी गोष्ट की वर्षभर बोलतील. रोजचं वारंवार दिसलं तरच अचाट गोष्ट अचाट वाटते.

विश्रांतीचंही बघा. आठ तास झोपलं की सगळं भरून येतं, त्यामुळं वेढ्याची भीती उरत नाही. मास्तरांच्या २०१४च्या पुस्तकातच पर्याय दिलाय: शॉर्ट रेस्ट, म्हणजे एरवीची छोटी विश्रांती, आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची. घाटातल्या कॅम्पेनला तो शोभतो.

गावठाण

सात दिवस नको हो. आमच्यात मांत्रिकानं दुसऱ्याच दिवशी पात्र बदलून मागितलं असतं. त्यापेक्षा लाँग रेस्ट फक्त छप्पर, चूल आणि ओळखीचं माणूस असेल तिथंच, असं ठेवा. मग गावाशी चांगलं वागायला कारण मिळतं. धर्मशाळेतला म्हातारा सगळ्यांना नावानं ओळखायला लागतो.

शिवाजीनगर_पुणे

हे सात दिवसांपेक्षा बरं आहे. मान्य.

बंधाऱ्यावरचा

कासारीकाठ, पाच नद्या घेतल्या आणि पूर नाही? राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही हे आकडे पाठ असतात. २०१९ आणि २०२१ ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

हेच घड्याळ करा. खेळातलं पाणी ३० फुटांवर सुरू. रोज चारबाजूचा फासा, जेवढा पडेल तेवढे फूट वर. वरच्या खोऱ्यात धरण असेल आणि राधानगरीसारखी त्याची दारं आपोआप उघडत असतील, तर फाशावर ४ आलं की दार उघडलं, आणखी दोन फूट. ३९ ला बाजारातले भाव बदलतात, नावाडी दुप्पट मागतात. ४३ ला खालच्या पेठांतली माणसं वर येतात आणि खेळाडू ज्याच्या मागावर आहेत तोही त्याच गर्दीत असतो. धरणाच्या दारापाशी कोण बसलंय ते तुमचं तुम्ही ठरवा.

एवढंच सांगतो की पुरात गेलेली घरं मौजेसाठी वापरू नका. टेबलावर कुणाचं घर गेलेलं असू शकतं. त्यांना आधी विचारा.

कासारीकाठ

विचारतो, नक्की. आमच्यातल्या एकाचं चिखलीला घर आहे, त्याच्याशी बोलूनच पूर आणेन. तो नको म्हणाला तर फक्त धान्य आणि वेढा.

छापखाना

यातले नियम, तक्ते गोळा करून छोटी मराठी पुस्तिका करावी असं मनात आहे. कायदेशीर अडचण येते का?

वीसबाजू

मूळ नियमांचा पायाभूत भाग, सिस्टम्स रेफरन्स डॉक्युमेंट ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. श्रेय नीट दिलं तर त्यावर आधारलेलं साहित्य मराठीत छापता येतं, विकताही येतं. पुस्तकांतला बाकीचा मजकूर, त्यांची जगं आणि काही खास राक्षस त्यात नाहीत, ते घेऊ नका. आणि इथल्या प्रत्येकाला विचारून त्याचा नियम त्याच्या आयडीसकट छापा.

तालमीतला

माझा घ्या. खाली तालमीतला म्हनून लिवा, बास.

कासारीकाठ

सगळ्यांच्या पोस्ट वहीत उतरवल्या. ठरलं ते असं. कल्पित राज्य, देव फक्त कौल देणार, भुतं परत येणार. नियमात भर चारच: कोठार, पाऊस, लाँग रेस्टला ओळखीचं छप्पर आणि कुस्ती. बाकी पुस्तक जसंच्या तसं. सुरुवात गुऱ्हाळात. सेशन झीरो येत्या रविवारी, प्रत्येकानं एक जागा, एक नातं, एक सण घेऊन यायचं. बर्फाळ डोंगर, मंगळवारपेठी, तुमच्या खुर्च्या धरल्यात.

एक शंका राहिली. वेढ्यात गडावरच्या तोफेलाही गावठाणांचा ओल्या दारूचा नियम लावायचा का?

गावठाण

बुरुजावर छप्पर असेल तर नाही. उघड्या बुरुजावर असेल तर लावा, आणि छप्पर घालायला लाकूड कुठून आणणार ते खेळाडूंना विचारा. कोठाराची दारं लाकडाचीच असतात.